‘ग्रँडस्टँड’च्या खुर्चीवरील पहिली महिला : हेलन रोलॅसन

ब्रिटनमध्ये दर डिसेंबरमध्ये बीबीसी वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटूची निवड जाहीर करते. धावा, गोल आणि पदके यांच्या हिशेबाने रंगणाऱ्या त्या सोहळ्यातील एका पुरस्काराचा निकष मात्र निराळा आहे. संकटाशी झुंज देत असामान्य कामगिरी करणाऱ्या व्यक्तीला दिला जाणारा तो सन्मान हेलन रोलॅसन यांच्या नावाने ओळखला जातो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या पुरस्काराच्या मानकऱ्यांमध्ये लढतीत मेंदूला जबर इजा झालेला मुष्टियोद्धा आहे, बॉम्बस्फोटात दोन्ही पाय गमावल्यानंतर व्हॉलीबॉलच्या मैदानात उतरलेली खेळाडू आहे आणि शंभरीच्या उंबरठ्यावर अंगणात फेऱ्या मारून आरोग्यसेवेसाठी निधी उभारणारा माजी सैनिकही आहे.

ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो, त्या रोलॅसन यांची ओळख मात्र आज प्रामुख्याने कर्करोगाशी झुंजलेली दूरचित्रवाणी निवेदिका एवढीच उरली आहे. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. आजाराने त्यांच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षे व्यापली. त्यापूर्वीची सुमारे दीड दशके त्यांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर क्रीडा पत्रकार म्हणून काम केले होते. ब्रिटनच्या सर्वात प्रतिष्ठित क्रीडा कार्यक्रमाचे दार स्त्रियांसाठी त्यांनी उघडले आणि दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांकडे खेळ म्हणूनच पाहावे, हा आग्रह पडद्यावरून धरला. त्यांच्या नावाच्या पुरस्काराचा खरा अर्थ या आधीच्या कामातून अधिक स्पष्ट होतो.

क्रीडाशिक्षिका ते वार्ताहर

हेलन यांचा जन्म ११ मार्च १९५६ रोजी लंडनमध्ये झाला. माहेरचे आडनाव ग्रिंडली. त्यांचे बालपण इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील बाथ या ऐतिहासिक शहरात गेले. खेळाची ओढ लहानपणापासूनच होती. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले आणि शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरी पत्करली. खेळात रस असलेल्या मुलीसाठी त्या काळी हाच सर्वमान्य मार्ग होता. १९८० मध्ये विवाह झाल्यानंतर त्या रोलॅसन हे आडनाव लावू लागल्या.

त्या काळातील ब्रिटिश क्रीडा पत्रकारिता जवळपास संपूर्णपणे पुरुषांच्या हाती होती. फुटबॉल मैदानातील पत्रकार कक्षात स्त्री दिसणे हीच बातमी ठरत असे. राष्ट्रीय वृत्तपत्रासाठी फुटबॉल सामन्याचे वार्तांकन करणारी पहिली स्त्री, ‘ऑब्झर्व्हर’च्या ज्युली वेल्च, १९७३ मध्ये त्या कक्षात पोहोचली होती. दूरचित्रवाणीवर तर परिस्थिती याहून बिकट होती. टेनिस किंवा घोडेस्वारीसारख्या मोजक्या खेळांत माजी महिला खेळाडूंना तज्ज्ञ म्हणून बोलावले जाई, परंतु कार्यक्रमाची सूत्रे पुरुषांकडेच असत.

शिक्षकी पेशा सोडून या क्षेत्रात येण्यासाठी हेलन यांनी स्थानिक रेडिओची वाट निवडली. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी त्या ‘एसेक्स रेडिओ’त दाखल झाल्या. लंडनच्या पूर्वेला असलेल्या एसेक्स परगण्यातील हे व्यावसायिक केंद्र नुकतेच सुरू झाले होते. अशा छोट्या केंद्रावर क्रीडा वार्ताहराला मैदानावर जाऊन मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, परतल्यावर फीत कापून जोडणे, बातमी लिहिणे आणि ती स्वतःच वाचणे असे सारे काम करावे लागे. वेळ काही सेकंदांत मोजला जाई. या शिस्तीत तयार झालेल्या हेलन तेथे क्रीडा विभागाच्या उपसंपादक झाल्या.

रेडिओनंतरचा टप्पा दूरचित्रवाणीचा होता, पण सुरुवातीला कॅमेऱ्याच्या मागचा. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘चॅनल फोर’ वाहिनीने अमेरिकन फुटबॉलसारखे, ब्रिटिश प्रेक्षकांना अपरिचित खेळ दाखवण्यास प्रारंभ केला होता. जुन्या वाहिन्यांकडे असलेले लोकप्रिय खेळ तिच्या वाट्याला येणे कठीण होते. त्यामुळे नवे खेळ, नव्या निर्मितीसंस्था आणि नवी माणसे यांना तेथे वाव मिळाला. हेलन यांनी या वाहिनीसाठी क्रीडा कार्यक्रमांची निर्मिती आणि दिग्दर्शन केले. चित्रण कोणत्या कोनातून घ्यावे, दृश्य कधी बदलावे, निवेदकाच्या कानात कोणती सूचना कोणत्या क्षणी द्यावी, हे त्या निर्मिती कक्षात शिकल्या. पुढे स्वतः निवेदकाच्या खुर्चीत बसल्यावर काचेपलीकडे काय चालले आहे, याची पुरेपूर जाण त्यांना असणार, हे उघड आहे.

मुलांसाठी बातम्या

१९८७ मध्ये हेलन बीबीसीच्या ‘न्यूजराउंड’ या कार्यक्रमात निवेदिका म्हणून रुजू झाल्या. जॉन क्रेव्हन यांच्या निवेदनाने १९७२ मध्ये सुरू झालेले हे मुलांसाठीचे वार्तापत्र होते. शाळा सुटल्यानंतरच्या वेळात प्रसारित होणाऱ्या या कार्यक्रमात युद्ध, निवडणुका, दुष्काळ असे कोणतेच विषय वर्ज्य नव्हते. मुलांचा कार्यक्रम म्हणून त्याला कमी लेखण्याची सोयही नव्हती. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान कोसळल्याची बातमी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सर्वप्रथम ‘न्यूजराउंड’नेच दिली होती.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला गुंतागुंतीची घटना समजावून सांगायची असेल, तर बातमीदाराला ती आधी स्वतःला नीट समजलेली असावी लागते. अवघड शब्दांच्या आड लपता येत नाही. शाळेच्या मैदानावर मुलांना खेळाचे नियम शिकवलेल्या हेलन यांना हे काम साधले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचे वार्तांकनही त्यांनी ‘न्यूजराउंड’साठी केले. त्यांची निवेदनाची साधी, थेट आणि आव न आणणारी शैली याच काळात घडली. एक संपूर्ण पिढी शाळेत असताना त्यांचा चेहरा ओळखू लागली.

शनिवार दुपारची कसोटी

१९९० च्या प्रारंभी ऑकलंड येथे झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या प्रक्षेपणात हेलन सहभागी झाल्या आणि त्याच वर्षी १९ मे रोजी, शनिवारी, त्यांनी प्रथमच ‘ग्रँडस्टँड’चे निवेदन केले. या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी ‘ग्रँडस्टँड’ काय होते, हे ध्यानात घ्यावे लागते. ऑक्टोबर १९५८ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम शनिवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत तासन्तास थेट प्रसारित होत असे. पीटर डिमॉक यांनी पहिले भाग सादर केले. त्यानंतर डेव्हिड कोलमन, फ्रँक बफ आणि डेस लायनम यांच्यासारख्या निवेदकांनी त्याला घराघरांत पोहोचवले. एका दुपारी घोड्यांच्या शर्यती, रग्बी, जलतरण, मुष्टियुद्ध आणि मोटार शर्यती असा प्रवास होई आणि शेवटी देशभरातील फुटबॉल सामन्यांचे निकाल टंकयंत्रासारखे एकेक अक्षर उमटत पडद्यावर येत. लाखो घरांत तो आठवड्याचा ठरलेला परिपाठ होता.

समालोचकाला एका सामन्याचा अभ्यास करावा लागतो. ‘ग्रँडस्टँड’च्या निवेदकाला त्या दिवशीच्या सर्व खेळांची जाण असावी लागे. पाऊस पडून शर्यत लांबली, एखाद्या मैदानाशी संपर्क तुटला किंवा सामना अपेक्षेआधी संपला, तर मधली मिनिटे त्यालाच भरून काढावी लागत. कानातील यंत्रातून निर्मात्याच्या सूचना आणि सेकंदांची उलटी मोजणी सुरू असतानाच कॅमेऱ्याकडे पाहून शांतपणे बोलत राहावे लागे. निकाल येऊ लागले की कोणता संघ गुणतक्त्यात वर सरकला, कोणाची पदावनती निश्चित झाली, हे तत्क्षणी सांगावे लागे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील अवघड कामांमध्ये या कामाची गणना होत असे.

हेलन यांच्यासाठी या कसोटीला आणखी एक पदर होता. पुरुष निवेदकाची चूक ही त्या व्यक्तीची चूक मानली जाते. पहिल्या महिला निवेदकाची चूक मात्र सगळ्या स्त्रियांच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. खेळातले स्त्रियांना काय कळते, असे म्हणण्यासाठी टपलेल्यांची तेव्हा वानवा नव्हती. हेलन यांनी तयारी आणि अचूकता हाच त्यावरील मार्ग मानला. आपण स्त्री आहोत याचे भांडवल त्यांनी केले नाही आणि त्याबद्दल संकोचही बाळगला नाही. खेळ पुढे आणि निवेदक मागे, हीच त्यांची पद्धत राहिली.

लायनम आणि स्टीव्ह रायडर हेच त्या काळात बीबीसी क्रीडा विभागाचे प्रमुख चेहरे होते. हेलन यांना ‘ग्रँडस्टँड’ची कायमची खुर्ची मिळाली नाही, आळीपाळीने काम करणाऱ्या निवेदकांच्या चमूत त्यांचा समावेश होता. तरीही त्यांच्या कामाचा आवाका मोठा होता. शुक्रवार दुपारचा ‘स्पोर्ट ऑन फ्रायडे’ हा कार्यक्रम त्या नियमितपणे सादर करीत. विम्बल्डन आणि ऑलिंपिक स्पर्धांच्या प्रक्षेपणात त्यांचा सहभाग असे. बीबीसीच्या मुख्य बातमीपत्रांतील क्रीडावृत्तही त्या सांगत. पडद्यावर खेळाविषयी अधिकाराने बोलणारी स्त्री हे दृश्य हळूहळू नेहमीचे झाले. पहिलेपणाची चर्चा मागे पडणे, हेच त्यांच्या कामाचे मोठे यश म्हणावे लागेल.

सहानुभूती नको, प्रक्षेपण हवे

हेलन यांच्या कारकिर्दीतील सर्वात मोलाचे, पण तुलनेने कमी चर्चिले गेलेले काम दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांशी निगडित आहे. पॅरालिम्पिक चळवळीचा उगम ब्रिटनमध्येच झाला. लंडनच्या वायव्येस असलेल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या माजी सैनिकांसाठी स्पर्धा भरवल्या. १९६० मध्ये रोम येथे त्यांना आंतरराष्ट्रीय रूप आले. १९८८ मध्ये सोल येथे ऑलिंपिकचीच मैदाने पॅरालिम्पिकसाठी वापरण्यात आली आणि या स्पर्धांचा नवा कालखंड सुरू झाला.

परंतु प्रसारमाध्यमांच्या लेखी या स्पर्धा दीर्घकाळ खेळाच्या पानावर नव्हत्याच. त्यांची दखल घेतली गेली तर ती कारुण्यकथा म्हणून. खेळाडूचा अपघात आणि त्याचे दुःख यावर वेळ खर्ची पडे. त्याने नोंदवलेली वेळ, त्याचे प्रतिस्पर्धी आणि शर्यतीतील त्याचे डावपेच यांचा उल्लेखही होत नसे. या उपेक्षेचा अनुभव भारतालाही आहे. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक जिंकले, पण त्यांना पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडले. जे पडद्यावर दिसत नाही, ते स्मरणातही राहत नाही.

हेलन या दिव्यांग खेळाडूंच्या ठाम पुरस्कर्त्या होत्या. बीबीसीवरील पॅरालिम्पिकच्या कार्यक्रमांचे निवेदन त्यांनी केले. १९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्येही ही जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या काळी या स्पर्धांना प्रक्षेपणाचा वेळ अत्यंत मर्यादित मिळे. मिळालेल्या वेळात दिव्यांग खेळाडूकडे खेळाडू म्हणूनच पाहायचे, हा हेलन यांचा दृष्टिकोन होता. बार्सिलोनात १९९२ मध्ये चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या टॅनी ग्रे-थॉम्पसन यांच्यासारख्या व्हीलचेअर धावपटूंची कामगिरी सर्वसामान्य ब्रिटिश प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागली, त्यामागे पडद्यामागील आणि पडद्यावरील अशा मोजक्या लोकांचे प्रयत्न होते. हेलन त्यांपैकी एक होत्या.

आजार आणि कॅमेरा

ऑगस्ट १९९७ मध्ये हेलन यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तेव्हा त्या ४१ वर्षांच्या होत्या. वैवाहिक नाते संपुष्टात आले होते आणि किशोरवयीन मुलीची जबाबदारी त्यांच्यावर होती. शस्त्रक्रियेनंतर रोग यकृत आणि फुफ्फुसांपर्यंत पसरल्याचे स्पष्ट झाले. हाती काही महिनेच उरले आहेत, अशी कल्पना डॉक्टरांनी दिली. प्रत्यक्षात त्या पुढे दोन वर्षे जगल्या आणि त्यातील बराच काळ त्यांनी काम केले.

उत्तर लंडनमधील एडमंटन येथील नॉर्थ मिडलसेक्स रुग्णालयात त्यांच्यावर उपचार सुरू झाले. रसायनोपचारांच्या फेऱ्यांमधून वेळ काढून त्या बातमीपत्रात क्रीडावृत्त सांगण्यासाठी कॅमेऱ्यासमोर येत राहिल्या. उपचारांचा थकवा असूनही कामावर परतणे ही त्यांच्या दृष्टीने स्वतःची ओळख टिकवण्याची बाब होती. प्रेक्षकांनी आपल्याकडे रुग्ण म्हणून पाहण्याऐवजी पत्रकार म्हणून पाहावे, ही अपेक्षा त्यात दिसते. दिव्यांग खेळाडूंच्या बाबतीत त्यांनी वर्षानुवर्षे हीच भूमिका घेतली होती. आता ती स्वतःला लागू करण्याची वेळ आली होती.

१९९८ मध्ये बीबीसीने त्यांच्या या लढ्यावर ‘होप फॉर हेलन’ हा माहितीपट प्रसारित केला. त्यासाठी त्यांनी उपचारांचे क्षण, अशक्तपणा आणि अनिश्चितता कॅमेऱ्यासमोर येऊ दिली. हा निर्णय सोपा नव्हता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी उघडपणे बोलण्याचा संकोच ब्रिटनमध्येही मोठा होता. लक्षणे सांगण्याची लाज वाटल्याने अनेक रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा पोहोचत. या रोगासाठी इंग्लंडमध्ये राष्ट्रीय तपासणी मोहीम २००६ मध्ये सुरू झाली. त्याच्या आठ वर्षे आधी, रोज बातम्यांत दिसणाऱ्या एका परिचित चेहऱ्याने या रोगाचे नाव घेऊन बोलणे हीच मोठी लोकजागृती होती.

आपल्या प्रसिद्धीचा उपयोग त्यांनी आणखी एका कामासाठी केला. ज्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले, तेथे कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग उभारण्याकरिता ५० लाख पौंडांचा निधी जमवण्याच्या मोहिमेत त्या अग्रभागी राहिल्या. त्याचा लाभ स्वतःला मिळण्याची शक्यता कमी आहे, हे त्या जाणून होत्या. १९९९ मध्ये त्यांना ‘एमबीई’ हा ब्रिटिश राजकीय सन्मान प्रदान करण्यात आला. त्याच वर्षी ९ ऑगस्ट रोजी एसेक्समधील शेनफिल्ड येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४३ होते.

नावामागचे काम

निधनानंतर काही महिन्यांतच बीबीसीने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. पहिला मान अश्वशर्यतींच्या क्षेत्रातील ख्यातनाम प्रशिक्षक जेनी पिटमन यांना मिळाला. पुरुषांचे वर्चस्व असलेल्या क्षेत्रात पिटमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्रँड नॅशनल’ या प्रख्यात शर्यतीतील विजेता घोडा घडवला होता आणि हा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या महिला प्रशिक्षक होत्या. कर्करोगाचा सामनाही त्यांनी केला होता. दोन्ही अर्थांनी ही निवड समर्पक होती.

दुसऱ्या वर्षी, २००० मध्ये, हा पुरस्कार टॅनी ग्रे-थॉम्पसन यांना जाहीर झाला. सिडनी पॅरालिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकून त्या परतल्या होत्या. प्रेक्षकांच्या मतदानात त्या मुख्य पुरस्काराच्या यादीतही तिसऱ्या आल्या. परंतु त्या सोहळ्यात व्यासपीठावर व्हीलचेअर नेण्यासाठी उतरण बांधलेलीच नव्हती. व्यासपीठावर न जाता त्यांना खालीच थांबावे लागले. या प्रसंगावरून ब्रिटनमध्ये मोठी टीका झाली आणि बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हेलन यांनी ज्या उपेक्षेविरुद्ध काम केले, ती त्यांच्याच नावाचा पुरस्कार देणाऱ्या सोहळ्यात सर्वांसमोर उघडी पडली. पुरस्कार देणे सोपे असते, पण खेळाडूला बरोबरीचे स्थान देण्यासाठी आधी तयारी करावी लागते, हा धडा त्या रात्री मिळाला.

पुढील वर्षांत परिस्थिती पालटत गेली. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकचे ‘चॅनल फोर’ने विस्तृत प्रक्षेपण केले आणि त्याच्या निवेदकांत दिव्यांग व्यक्तींचाही समावेश होता. त्या वर्षीचा हेलन रोलॅसन पुरस्कार मार्टिन राइट यांना देण्यात आला. लंडनमधील २००५ च्या बॉम्बस्फोटात दोन्ही पाय गमावलेल्या राइट बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये ब्रिटनकडून खेळल्या होत्या.

‘ग्रँडस्टँड’ जानेवारी २००७ मध्ये बंद झाले. वाहिन्यांची संख्या वाढली, प्रक्षेपणाचे हक्क विखुरले आणि शनिवारच्या दुपारी सगळा देश एकाच पडद्यासमोर बसण्याचे दिवस सरले. मात्र तेथे पडलेली एक फट पुढे रुंदावत गेली. सू बार्कर, हेझल आयर्विन, क्लेअर बाल्डिंग, गॅबी लोगन या महिलांनी ब्रिटनमधील मोठ्या क्रीडा स्पर्धांचे सूत्रसंचालन समर्थपणे केले. आज तेथे ऑलिंपिक, विम्बल्डन किंवा फुटबॉल विश्वचषकाच्या प्रक्षेपणाची सूत्रे स्त्रीच्या हाती असली, तर त्याची वेगळी बातमी होत नाही.

एसेक्समध्ये हेलन रोलॅसन यांच्या नावाने कर्करोग रुग्णांसाठी धर्मादाय संस्था उभी राहिली. उपचारांच्या काळात रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना समुपदेशन आणि पूरक उपचारांच्या माध्यमातून ती आधार देते. ज्या परगण्यातील छोट्या रेडिओ केंद्रावर त्यांनी पहिल्यांदा क्रीडावृत्त वाचले, त्याच परगण्यात त्यांचे नाव असे टिकून आहे. क्रीडा पत्रकारितेत त्यांचे स्मरण करताना मात्र अखेरच्या दोन वर्षांसोबत त्या मे महिन्यातील शनिवारचीही आठवण ठेवावी लागेल. त्या दुपारी त्यांच्यापुढे निकालांचे कागद होते, कानात सेकंद मोजले जात होते, आणि काम चोख झाले की पुढच्या स्त्रीची वाट सोपी होणार होती. त्यांनी ते काम चोख केले.